परीटघडीचे पेशंट

मोठे डॉक्टर यायचे असले की आमच्या दवाखान्यात सकाळपासून खोबरेल तेलाचा वास सुटायचा. फिनेलचा वास तर रोजचाच, पण त्या दिवशी त्याच्यावर तेलाचा, अंगाच्या साबणाचा आणि इस्त्रीच्या कापडाचा वास चढायचा. बाकावर बसलेली माणसं पाहून नवख्याला वाटलं असतं, इथं मुलगी बघायचा कार्यक्रम आहे. घोटून केलेली दाढी, पाण्यानं चापून बसवलेला भांग, सदऱ्याचं गळ्याजवळचं बटणसुद्धा लावलेलं. आणि ही सगळी माणसं डोक्याच्या आजाराची होती.

मला याचं फार नवल वाटायचं. ताप आलेला माणूस कांबळं पांघरून, तोंड पाडून यायचा. हात मोडलेला हात गळ्यात बांधून यायचा. आजार असा दिसत दिसत दारातून आत यायचा. डोक्याचा आजार तेवढा परीटघडी घालून यायचा.

माझं माहेर कवठे येमाई, सासर शिरूर आणि नोकरी दौंडला. मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. एका कारखान्याच्या कामगारांसाठी तिथं विम्याचा दवाखाना होता, तिथं मी आया होते. शिक्षण चौथी. आयाचं काम म्हणजे केर-पाणी असं लोकांना वाटतं. ते होतंच. पण सुया-सिरिंजा स्टोव्हवर उकळायच्या, पट्ट्या गुंडाळायच्या, जखमा धुवायच्या आणि डॉक्टरांनी घंटी वाजवली की दारात उभं राहून पुढच्या पेशंटचं नाव पुकारायचं, हेही माझंच काम. हे शेवटचं मला सगळ्यात जड जायचं. मला बोलायची भीड. नोकरीला लागल्या लागल्या डॉक्टरांना वाटायचं की मला वाचाच नाही. आमचे कंपाउंडर मुलाणी भाऊ शिरूरचेच, त्यांनी सांगून टाकलं, "मुकी न्हाई साहेब. शब्द जपून वापरत्यात वहिनी. सणासुदीला काढत्यात."

अजूनही तसंच आहे. दिवाळीत सून अंकांमधले लोकांच्या नोकरीचे अनुभव मोठ्यानं वाचते, ते मी ऐकते. मनात येतं, आपणही पाहिलंय की थोडंफार. पण सांगायला तोंड उघडत नाही, म्हणून हे गुपचूप लिहून ठेवतेय.

विमा म्हणजे काय ते आधी सांगते, कारण तेव्हा कामगारांनाही ते नीट ठाऊक नव्हतं. पगारातून थोडं कापून घ्यायचे. मग माणूस आजारी पडला की दवाखाना, औषध फुकट आणि डॉक्टरांनी चिठ्ठी दिली तर घरी बसूनही पगाराचा काही भाग मिळायचा. पाय मोडला, क्षय झाला तर चिठ्ठीला अडचण नव्हती. पण डोक्याचा आजारही आजारच आहे, त्यालाही लांबची रजा मिळते, हे आमच्याकडं नव्यानंच कळलं होतं. त्यासाठी पुण्याहून त्या विषयाचे मोठे डॉक्टर मधून मधून यायचे. त्यांनी माणूस पाहून ठरवायचं, हा कामावर जाऊ शकतो, की याला औषध आणि आराम हवा.

पहिल्या खेपेला त्यांच्यापुढं कुणी आलंच नाही. ते बिचारे दिवसभर खिडकीतून रेल्वेचं शंटिंग बघत बसले. दुसऱ्या खेपेला आले ते सगळे पोटदुखीचे. "पोटात दुखतंय, झोप न्हाई, आन् भिंतीतनं कुनीतरी बोलतंय," असं एकानं सांगितलं. मुलाणी भाऊ मला हळूच म्हणाले, "ह्याचं पोट लई लांबपर्यंत गेल्यालं दिसतंय."

हसण्यावारी गेलं, तरी कारण कळत होतं. 'वेडा' म्हणून एकदा नाव निघालं की नोकरी गेली, घरातल्या पोरीची सोयरीक मोडली, असंच सगळे धरून चालत. आमच्याकडं येईपर्यंत देवऋषी झालेला असायचा, दर्गा झालेला असायचा, लिंबू उतरवून झालेलं असायचं. दवाखाना सगळ्यांत शेवटी.

एकच माणूस असा आला, ज्याला वेडा म्हणवून घ्यायचंच होतं. पाबळकडचा गडी, अंगानं धिप्पाड. केस विस्कटलेले, सदरा उलटा घातलेला. बाकावर बसून पंख्याशी बोलत होता. मुलाणी भाऊंनी पंखा बंद केला, तर याचं बोलणंही थांबलं. पंखा सुरू, बोलणं सुरू. आत गेल्यावर डॉक्टरांनी त्याला आजाराचं काहीच विचारलं नाही. नाव-गाव झाल्यावर म्हणाले, "तुमच्याकडं बैलगाड्यांच्या शर्यतीचा घाट असतो ना? यंदा पहिली बारी कुणाची आली?"

मग त्याला राहवेना. "पहिली कुठली हो साहेब! घड्याळवाल्यानंच घोळ घातला. आमचा गाडा खरा पुढं व्हता..." आणि त्यानं बैलांच्या नावांसकट सगळा घाट डॉक्टरांच्या टेबलावर पळवला. डॉक्टर शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग म्हणाले, "जत्रा पुढच्या आठवड्यात का?"

"व्हय."

"मग हक्काची रजा मागा ना. सदरा सुलटा घाला आणि जा."

तो गेल्यावर मी खोलीत पाण्याचा तांब्या ठेवायला गेले, तेव्हा डॉक्टर आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाले, "सोंग घेणारा सारखा वेडा असतो. खरा आजारी मधून मधून अगदी शहाणा असतो. तिथं माझी पंचाईत होते, बाई." हे वाक्य मला तेव्हा अर्धंच कळलं. उरलेलं यशवंतामुळं कळलं.

यशवंता कारखान्यात पत्रा कापायच्या मशीनवर होता. वरून पातं खाली येतं, त्याच्याखाली पत्रा सरकवायचा आणि हात मागं घ्यायचा, असं ते काम. घर दौंडातच, बौद्धवस्तीत. घरात बायको विमल, लग्नाची बहीण आणि वडील. वडिलांना सगळे आप्पा म्हणत. आप्पांनी रेल्वेच्या गँगमध्ये काम केलेलं, रुळाखालचा स्लीपर पडून एका पायाचा अंगठा चेचला होता आणि ती जखम पुन्हा पुन्हा उघडायची. ते पट्टी बदलायला यायचे, त्यामुळं माझी त्यांची ओळख होती. पट्टीला येतानाही पॉलिश केलेले बूट आणि पांढरं धोतर. मुलाणी भाऊ म्हणायचे, "आप्पा आले की मला माझ्याच टेबलावरची धूळ दिसती."

यशवंता मशीनवर काम करता करता थांबतो, हात पात्याखाली तसाच ठेवून कान देतो, असं फोरमननं कळवलं, म्हणून त्याला मोठ्या डॉक्टरांपुढं यावं लागलं. आप्पा, विमल आणि तो, तिघं आले. यशवंताच्या अंगात दुधासारखा पांढरा सदरा होता. आप्पा त्याला हळू आवाजात घोकून घेत होते.

"झोप येती का?"

"येती."

"काय ऐकू येतं का?"

"न्हाई."

"न्हाई साहेब म्हन."

"न्हाई साहेब."

तेवढ्यात यशवंता उठून उभा राहिला. मी दारातच होते, पण मी कुणाचंच नाव घेतलं नव्हतं. आप्पांनी सदऱ्याला धरून त्याला खाली बसवलं. थोड्या वेळानं तो पुन्हा उठला, पुन्हा आप्पांनी बसवलं. मला वाटलं, मनुष्य घाबरलाय, माझ्या हाकेची वाट बघतोय.

आत तो फार छान बोलला. विचारलं तेवढंच उत्तर, नजर खाली, शेवटी 'साहेब'. डॉक्टरांनी पुष्कळ वेळ त्याच्याकडं पाहिलं. पण हातात धरायला त्यांना काही मिळालं नाही. त्यांनी कामावर जायला हरकत नाही असं लिहिलं आणि पुढच्या खेपेला पुन्हा यायला सांगितलं. बाहेर आल्यावर आप्पांचा चेहरा असा उजळला होता, जसं काही पोरगा पास झालाय.

पुढची खेप येईपर्यंत व्हायचं ते थोडक्यात टळलं. यशवंता पात्याखाली हात ठेवून थांबला, फोरमननं धावत येऊन मागं ओढला आणि पात्यानं नुसती खाकी बाहीच खाल्ली. फोरमननं सांगितलं, आता काय ते ठरवा. एक तर हा बरा आहे, मग मशीनवर उभा राहील. नाहीतर बरा नाही, मग तसं मोठ्या डॉक्टरांकडून लिहून आणा. नुसतं घरी बसवलं तर गैरहजेरीत जाईल आणि काम जाईल.

म्हणजे त्या दिवशी डॉक्टरांपुढं यशवंता पुन्हा छान बोलला असता, तर तो दुसऱ्या दिवशी पात्यापुढं उभा राहणार होता. बाही कापणारं पातं दर वेळी बाहीवरच थांबत नाही.

आणि तिघं आले ते पुन्हा तसेच. तोच पांढरा सदरा, तेच तेल, तेच घोकणं.

पेशंटबरोबर आलेल्या बायकांना मी मागच्या खोलीत बोलवायची. तिथं सिरिंजा उकळायच्या, ऊब असायची, स्टोव्हच्या आवाजात बोललेलं बाहेर जायचं नाही. विमल माझ्या शेजारी येऊन बसली. खाकी सदऱ्याची ती बाही तिनं शिवली होती, तो सदरा तिच्या पिशवीत होता. कशाला आणला होता, तिलाच माहीत नसावं. नुसती त्या शिवणीवरून बोट फिरवत होती.

माझ्या मनात त्या दिवसापासून एकच प्रश्न अडकला होता, तो मी विचारला. "मागल्या खेपेला मी नाव घेतलं नव्हतं, तरी तुझे मालक दोनदा उठले. का गं?"

तिचं बोट शिवणीवर थांबलं. मग म्हणाली, "मावशी, ह्ये मला आजपत्तुर कुनी इचारलंच न्हाई. समदे म्हनत्यात, गप बसीव त्याला. का उठतो, ते कुनीबी इचारत न्हाई."

"मी विचारतेय."

"हजेरी घेत्यात म्हनं. नाव पुकारत्यात. मशीनच्या आवाजात तर लईच. 'हजर' म्हनल्याबिगर हात हलवायचा न्हाई, असं हाय त्यांचं."

"मग आत डॉक्टरांना सांग की हे."

"आप्पा असताना?" तिनं पदर तोंडाला लावला. "आप्पा म्हनत्यात, साहेबापुढं आपलं उनं काढायचं न्हाई. आन् घरात ननंद हाय लग्नाची."

मी बाहेर आले. आप्पांना पाणी दिलं. खरं तर पाणी देऊन परतायचं, एवढंच माझं काम. पण मी तिथंच उभी राहिले आणि म्हणाले, "आप्पा, आज यशवंताला पढवू नका."

आप्पांनी वर पाहिलं. आवाज चढवला नाही, पण लागेल असंच बोलले. "मग काय बाई, चिखलात लोळवून आनू? केस पिंजारून? म्हंजी तुमच्या डॉक्टराला पटंल?"

मी पाण्याचा रिकामा पेला त्यांच्या हातातून घेतला.

"माझा बाप साहेबाच्या अंगनात उभा ऱ्हायचा, बाई. ओसरीवर चढायची सोय नव्हती. माझा पोरगा आत जाऊन खुर्चीवर बसतो. धुतल्याली कापडं घालून बसतो. ती इस्त्री मी सोता मारतो, कोळशाची. ती मोडून जा म्हनताय व्हय मला?"

"इस्त्री नाही मोडायची, आप्पा." मी म्हणाले. "तुम्ही पट्टीला येता, तेव्हा बूट पॉलिश करून येता. पण मी म्हटलं की बूट काढताच ना? बूट न काढता अंगठा कसा दिसेल मला?"

आप्पा आपल्या बुटांकडं बघत राहिले. मुलाणी भाऊ खिडकीतून सगळं ऐकत होते, पण त्या दिवशी त्यांनीही विनोद केला नाही. घंटी वाजली. मी यशवंताचं नाव पुकारलं आणि तिघांना आत सोडून दाराशी उभी राहिले.

डॉक्टरांनी मागच्यासारखंच विचारलं. झोप येते का? येती, साहेब. जेवण जातं का? जातं, साहेब. काही ऐकू येतं का?

"न्हाई, साहेब."

तेवढ्यात बाहेर इंजिन मागं-पुढं होऊ लागलं. आमच्याकडं शंटिंग सुरू झालं की खिडकीची तावदानं थरथरायची आणि डॉक्टरसुद्धा बोलायचे थांबायचे. सगळे गप्प झाले. त्या गडगडाटात यशवंता खुर्चीतून उठला आणि अगदी हळू, शाळेतल्या पोरासारखा म्हणाला, "हजर."

आप्पांचा हात त्याच्या सदऱ्याकडं गेला. अर्ध्यावर थांबला. मग त्यांनी तो हात मागं घेऊन आपल्या मांडीवर ठेवला.

"साहेब," आप्पा म्हणाले, "मगाधरनं तो बोलतोय ते मी शिकवल्यालं हाय. आता त्याच्या बायकूला इचारा. सुनबाई, सांग समदं. काय झाकू नगंस."

विमलनं सांगितलं. रडून नाही, घाईनंही नाही. पिशवीतला सदरा काढून बाही दाखवली. डॉक्टरांनी बाही हातात घेतली, शिवणीवरून अंगठा फिरवला. मग ते यशवंताकडं वळले, आणि मला वाटलं, आता ते म्हणतील, असं काही नसतं, मनाचे खेळ आहेत. सगळे तसंच म्हणत होते. पण डॉक्टरांनी खुर्ची थोडी पुढं घेतली आणि आपल्याला खरंच कळत नसल्यासारखं विचारलं, "हजेरी कोण घेतं?"

यशवंताची मान पहिल्यांदा वर आली. "मास्तर."

"तुमच्या शाळेतले?"

"न्हाई. त्ये निराळंच हायेत. आवाज जाड हाय."

"आणि 'हजर' म्हटलं नाही तर?"

"नाव कापत्यात, साहेब." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "एकदा कापलं का परत घेत न्हाईत."

नाव कापलं जाण्याची भीती त्या खोलीत एकट्या यशवंतालाच होती, असं नव्हतं.

डॉक्टर बराच वेळ लिहीत होते. आप्पांनी शेवटी विचारलं, "येडा म्हनून लिवलं का, साहेब?"

"आजारी म्हणून लिहिलंय. टायफॉइड झालेल्याला तुम्ही टायफॉइड्या म्हणता का?"

"न्हाई."

"मग. याला रजा दिली आहे, औषध दिलंय. औषधानं तोंड कोरडं पडेल, झोप जास्त येईल, म्हणून बंद करायचं नाही. आणि बरं वाटलं तरी त्या मशीनवर नाही, तसं कारखान्याला कळवतो. नाव कुणी कापत नाही, यशवंतराव. विम्यात त्याचीच सोय आहे."

'यशवंतराव' ऐकून आप्पांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. उठता उठता म्हणाले, "पुढल्या खेपंला कसा आनू त्याला?"

"असाच. इस्त्री झकास आहे. फक्त शिकवून आणू नका."

त्या दिवसापासून डॉक्टरांनी आपली रीत बदलली. पेशंट खुर्चीवर बसला की आधी म्हणायचे, "कपडे छान आहेत. आता आजार कसा आहे, ते सांगा." आणि बरोबरच्या माणसाला वेगळं विचारायचे. पुष्कळदा ते कुतूहलानं एवढं विचारायचे की मुलाणी भाऊ बाहेर कुरकुरायचे, "साहेब रोग बघत्यात का सोयरीक जमवत्यात?" पण त्यामुळं माणसं बोलायला लागली. पोटदुखी कमी झाली.

सगळ्यांचं असं जमलं नाही. रजेला मुदत होती, ती संपली की काही जण तसेच कामावर गेले, काही गावाकडं गेले आणि पुन्हा दिसले नाहीत. आणि एक गोष्ट मला तेव्हापासून खुपते. मागच्या खोलीत बसलेल्या बायका. नवऱ्याच्या आजारात ज्यांची वर्षानुवर्षं झोप उडाली, त्यांना दवाखाना होता, पण घरकामातून रजेची चिठ्ठी कोण देणार? विमलला मी एकदा विचारलं, "तुला झोप लागते का गं?" ती हसली. "मला कोन रजा देतंय, मावशी?" मी तिला स्टोव्हजवळ चहा करून दिला. माझ्या हातात तेवढंच होतं.

यशवंता रजेवरून परतला, तेव्हा कारखान्यानं त्याला आवारातल्या झाडांच्या कामावर घातलं. आळी करायची, पाणी घालायचं, पाला गोळा करायचा. आप्पांना आधी ते कमीपणाचं वाटलं. मशीनवरचा कारागीर आणि माळीकाम! पण फाटकाजवळच्या गुलमोहरांनी बाळसं धरलं, तेव्हा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागले, "ही माझ्या पोराची झाडं."

पुढं आप्पा गेले. यशवंता औषधाला एकटा यायला लागला. कोळशाची इस्त्री आता तो स्वतः मारायचा, सदरा तसाच पांढरा. एकदा बाकावर बसला होता, शंटिंग चाललं होतं. मला राहवलं नाही.

"यशवंता, मास्तर अजून हजेरी घेतात का रे?"

"घेत्यात की. औषधानं आवाज बारीक झालाय त्यांचा, पर घेत्यात."

"मग तू काय करतोस?"

"म्हनतो हजर." तो हसला. "आळ्यात पानी सोडताना हजर म्हनलं तर हात कुठं तुटतोय, मावशी?"

आत घंटी वाजली. मी दारात जाऊन त्याचं नाव पुकारलं. तो उठला नाही. इंजिनाचा आवाज चालूच होता. त्यानं मान किंचित तिरकी करून माझ्या तोंडाकडं नीट पाहिलं.

"ही हाक तुमचीच ना?"

"माझीच," मी म्हणाले, आणि त्याचं नाव पुन्हा एकदा, जरा मोठ्यानं पुकारलं.

तेव्हा त्यानं गळ्याजवळचं बटण लावलं आणि आत गेला.